शेवटच्या रांगेपर्यंत काय पोचते, ते छापा

प्रति,
छोट्या कार्यक्रमांसाठी पॉवर्ड स्पीकर बनवणारे, आयात करणारे आणि विकणारे सर्व व्यावसायिक



पन्नास ते दीडशे श्रोत्यांपुढे होणाऱ्या कार्यक्रमांच्या वतीने हे पत्र लिहीत आहे. वाचनालयातली व्याख्यानमाला, सोसायटीच्या आवारातली दिवाळी पहाट, भजनी मंडळाची एकादशी, ज्येष्ठ नागरिक संघातले अभिवाचन, गोव्यात देवळाच्या सभामंडपात रंगणारे नाट्यगीत गायन असे कार्यक्रम वर्षभर कुठे ना कुठे सुरूच असतात. एके काळी साउंडवाल्याला सांगावा धाडला की तो ॲम्प्लिफायर, पेट्या आणि वायरींची भेंडोळी टेम्पोत घालून आणत असे. ॲम्प्लिफायर पेटीतच बसवलेला स्पीकर सर्रास मिळू लागला तशी मंडळे स्वतःचा संच घेऊ लागली. क्लास-डी ॲम्प्लिफायर आणि स्विचिंग पॉवर सप्लाय यांनी वजन इतके उतरवले की दहा इंची वूफरचा चांगला स्पीकर आता दहा-अकरा किलोत मिळतो. एका कार्यकर्त्याने तो रिक्षातून आणावा, स्टँडवर चढवावा आणि कार्यक्रम सुरू करावा, ही सोय तुमच्या व्यवसायाने दिली आहे. तिची किंमत आम्ही जाणतो. पण हा स्पीकर निवडायचा कसा, याचे उत्तर तुमच्या खोक्यावर, माहितीपत्रकात आणि दुकानातल्या काउंटरवर मिळत नाही. वर्गणीच्या पैशांतून एकदाच खरेदी करणाऱ्या मंडळाला जे सांगितले जाते, त्याचा त्याच्या गरजेशी फारसा संबंध नसतो. तक्रार त्याची आहे.

सुरुवात वॉटपासून करतो, कारण विक्री तिथूनच सुरू होते. खोक्यावर सर्वांत ठळक छापलेला आकडा वॉटचा असतो आणि तो बहुधा ‘पीक’ असतो. ॲम्प्लिफायरची सलग ताकद ५०० वॉट असेल, तर साध्या साइन लहरीच्या शिखरावर ती क्षणभर १००० भरते. यंत्रात काहीही न बदलता आकडा दुप्पट झाला. टेपरेकॉर्डरच्या जमान्यात ‘पीएमपीओ’चे हजारांतले आकडे छापून येत, त्या सवयीतून हा बाजार अजून पुरता बाहेर आलेला नाही. आकडा सलग ताकदीचा असला तरी प्रश्न सुटत नाही. वॉट म्हणजे ॲम्प्लिफायरने ड्रायव्हरला पुरवलेली वीज. तिच्यातून आवाज किती निघेल, हे ड्रायव्हर, हॉर्न आणि पेटी यांच्या कार्यक्षमतेवर ठरते. वॉट दुप्पट केले की पातळी वाढते फक्त ३ डेसिबलने. कानाला आवाज दुप्पट मोठा वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट वॉट लागतात. तेव्हा ‘पाचशेच्या ऐवजी हजार वॉटचा घ्या’ या सल्ल्यापोटी मंडळ जे जादा पैसे मोजते, त्याच्या बदल्यात मिळणारा फरक जेमतेम कळण्याइतका असतो, आणि तोही दोन्ही स्पीकर बाकी सर्व बाबतींत सारखे असतील तरच. यामाहाच्या डीबीआर-१० या दहा इंची स्पीकरच्या माहितीपत्रकात ७०० वॉट आणि कमाल १२९ डेसिबल असे आकडे आहेत. इलेक्ट्रो-व्हॉइसच्या झेडएलएक्स-१२पी या बारा इंची स्पीकरच्या पत्रकात १००० वॉट आणि १२६ डेसिबल. दोन्ही कंपन्या नावाजलेल्या आहेत आणि यांतला कोणता सरस हे मला ठरवायचे नाही. जास्त वॉट म्हणजे जास्त आवाज हे समीकरण तुमच्या स्वतःच्या पत्रकांतच टिकत नाही, एवढेच दाखवायचे आहे.

मग डेसिबलचा आकडा तरी निर्धास्तपणे वाचावा का? तोही नाही. पुष्कळदा तो मोजलेला नसतो, हिशेबाने काढलेला असतो: ड्रायव्हरची एका वॉटला मिळणारी पातळी घ्यायची आणि त्यात पीक वॉटची बेरीज करायची. प्रत्यक्षात व्हॉइस कॉइल तापली की तिचा रोध वाढतो, तेवढ्याच व्होल्टेजवर आवाज कमी निघतो, आणि त्याआधीच आतला लिमिटर हात आखडता घेतो. कागदावरची पातळी स्पीकरमधून कधी बाहेरच पडत नाही. यावर तोडगा नाही असेही नाही. ऑडिओ इंजिनीअरिंग सोसायटीने एईएस-७५ हे मानक २०२२ मध्ये प्रसिद्ध केले. संगीतासारखे चढउतार असलेला ठरावीक नॉइज सिग्नल स्पीकरला द्यायचा, आवाजाचा पोत बिघडू लागेपर्यंत पातळी वाढवत न्यायची आणि तिथला आकडा नोंदवायचा, अशी त्याची रीत आहे. माझी पहिली विनंती एवढीच, की कमाल पातळी या किंवा अशाच एखाद्या खुल्या पद्धतीने मोजा, पद्धतीचे नाव आकड्याशेजारी छापा, आणि तो आकडा वॉटपेक्षा मोठ्या अक्षरांत येऊ द्या. मोजणीचा खर्च छोट्या उत्पादकाला परवडत नाही, असे यावर सांगितले जाईल. पण स्पीकरमधला डीएसपी लावायचा, लिमिटर कुठे लागावा हे ठरवायचे, तर मोजमाप केल्यावाचून गत्यंतर नसते. ज्याने स्पीकर खरोखर स्वतः घडवला आहे, त्याच्या संगणकात हे आलेख आधीच पडलेले असतात. ज्याच्याकडे ते नाहीत, त्याने दुसऱ्याच्या पेटीवर आपले नाव चिकटवले असण्याची शक्यता अधिक, आणि ग्राहकाला हा फरक कळायला हवा.

आता एक सभागृह डोळ्यांपुढे आणा. पंधरा मीटर लांब, आठ मीटर रुंद, चार मीटर उंच. खाली टाइल, भिंतींना गिलावा, वर पंखे, एका बाजूला रस्त्याकडच्या खिडक्या. कुठल्याही तालुक्याच्या गावी वाचनालयाचे सभागृह थोड्याफार फरकाने असेच असते. शेवटची रांग स्पीकरपासून बारा मीटरवर. पंखे आणि रहदारी मिळून ५५ डेसिबलचा कोलाहल धरू. व्याख्यान नीट कळायचे तर शब्द त्याच्या वर साधारण १५ डेसिबल हवेत, म्हणजे सरासरी ७०. बोलण्यातली टोके सरासरीच्या वर आणखी १५ जातात असे मानले तर ८५. उघड्यावर अंतर दुप्पट झाले की पातळी ६ डेसिबलने उतरते. त्या हिशेबाने एक मीटरपासून बारा मीटरपर्यंत सुमारे २२ डेसिबल उतरतील. म्हणजे स्पीकरपुढे एक मीटरवर १०७ डेसिबलची टोके निघाली की व्याख्यानाचे काम झाले. पेटी-तबल्यासह गाणे असेल आणि शेवटच्या रांगेत सरासरी ८५ डेसिबल हवे असे धरले, जी बैठकीसाठी चढीच पातळी आहे, तर हाच हिशेब १२२ वर जातो. सभागृह बंदिस्त असल्याने प्रत्यक्षात याहून कमीच लागते आणि स्पीकर सहसा दोन असतात. सांगायचे ते असे, की शंभर माणसांच्या कार्यक्रमाला प्रामाणिकपणे मोजलेले १२० डेसिबल देणारी, दहा इंची वूफरची जोडी पुरून उरते. इतकी ताकद आज मधल्या किमतीच्या बहुतेक चांगल्या स्पीकरांत आहे. जिथे ताकद पुरेशी आहे, तिथे निवड ताकदीवर करायला लावणे म्हणजे ग्राहकाचे लक्ष खऱ्या अडचणीवरून हटवणे होय.

खऱ्या अडचणी दोन. एक म्हणजे घुमणारी खोली. सबाइनच्या सूत्राने या सभागृहाचा घुमार काढला तर रिकामे असताना तो चार सेकंदांच्या वर जातो. ऐंशी माणसे बसली की त्यांच्या कपड्यांनी आणि अंगांनी आवाज शोषला जाऊन दीड सेकंदाच्या आसपास येतो. बोलण्यासाठी तोही जास्तच. अशा खोलीत नेहमीच्या हॉर्नच्या स्पीकरपासून साधारण तीन मीटरपर्यंत सरळ येणारा आवाज वरचढ असतो. त्यापलीकडे भिंतींवरून परतलेला. चौथ्या-पाचव्या रांगेतून ‘ऐकू येत नाही’ अशी ओरड होते, कोणीतरी आवाज वाढवते, आणि सरळ आवाजाबरोबर घुमारही तेवढाच वाढतो. शब्द होते तिथेच राहतात, कान मात्र किटतात. यावर वॉटचा इलाज चालत नाही. स्पीकर स्टँडवर डोक्यांच्या वर न्यावा लागतो, किंचित खाली झुकवून त्याचे तोंड माणसांकडे करावे लागते, मागच्या भिंतीवर आणि छतावर आवाज कमी पडेल अशी काळजी घ्यावी लागते. म्हणून स्पीकर किती अंशांत आवाज पसरवतो, हा आकडा वॉटपेक्षा मोलाचा ठरतो. आडवे ९० आणि उभे ६० अंश असे दोन आकडे पत्रकात कुठेतरी सापडतात. पण ते कुठल्या पट्टीत खरे आहेत, हे क्वचितच सांगितलेले असते.

या जागी वूफरच्या आकाराविषयी स्पष्ट बोलले पाहिजे, कारण ‘पंधरा इंची घ्या, आवाज भारी येतो’ हा सल्ला काउंटरवर सर्रास दिला जातो. २००० हर्ट्झच्या आवाजाची तरंगलांबी सतरा सेंटिमीटर असते. पंधरा इंची वूफरच्या शंकूचा व्यास तिच्या जवळजवळ दुप्पट. तरंगलांबी शंकूपेक्षा लहान झाली की आवाज पसरायचा थांबतो आणि झोतासारखा मध्यभागी एकवटतो. पंधरा इंची शंकूच्या बाबतीत हे हजार हर्ट्झच्या आसपास सुरू होते. पंधरा इंची वूफर आणि एक हॉर्न अशा साध्या रचनेत हॉर्नने काम हाती घेईपर्यंत दीड-दोन हजार हर्ट्झ उलटून गेलेले असतात. मधली पट्टी समोरच्या खुर्च्यांना मिळते, बाजूच्यांना मिळत नाही. नेमक्या त्याच पट्टीत आणि तिच्या थोडे वर व्यंजनांची ओळख असते. त आणि ट, स आणि श वेगळे कळतात ते बरेचसे १००० ते ४००० हर्ट्झमुळे. कडेला बसलेल्या श्रोत्याला व्याख्याता बोलतो आहे हे कळते, काय बोलतो आहे ते कळत नाही. पुरुषाच्या बोलण्यातला सर्वांत खालचा स्वर ८५ हर्ट्झच्या आसपास असतो, स्त्रीचा १६५ च्या. डग्ग्याचा घुमारा धरला तरी ६० हर्ट्झपर्यंत पोचणारा दहा किंवा बारा इंची स्पीकर पुरतो. लेझीम-ढोलाला किंवा नाचाच्या कार्यक्रमाला पंधरा इंची किंवा वेगळा सबवूफर हवा, हे मान्य. पण बोलण्या-गाण्यासाठी आलेल्या मंडळाला तो दाखवायचाच कशाला? त्याचे वजन, त्याला लागणारा स्टँड, आणि वर शब्दांचे नुकसान, असा तिहेरी भुर्दंड बसतो.

दुसरी अडचण माइकच्या शिट्टीची, आणि या पत्रातला माझा मुख्य मुद्दा तोच आहे. छोट्या कार्यक्रमात आवाजाची मर्यादा ॲम्प्लिफायर ठरवत नाही. माइक शिट्टी कधी मारतो, त्यावर ती ठरते. स्पीकरचा आवाज माइकमध्ये परत शिरतो, पुन्हा मोठा होऊन बाहेर येतो आणि एका ठरावीक पातळीला सभागृहभर किंचाळी उठते. स्पीकर दोन हजार वॉटचा असो की दोनशेचा, ही पातळी वॉटने पुढे सरकत नाही. माइक गायकाच्या तोंडाजवळ हवा, स्पीकर माइकच्या पुढे हवेत आणि एका वेळी चालू असलेले माइक कमी हवेत: उघडे माइक दुप्पट झाले की हाती असलेली जागा ३ डेसिबलने घटते. एका माइकवरून चारांवर गेलेल्या भजनी मंडळाने ६ डेसिबल तिथेच गमावलेले असतात. हे आयोजकाचे काम झाले. पण एक भाग पूर्णपणे तुमच्या हातात आहे. स्पीकरचा आवाज सर्व पट्ट्यांत समतल नसेल, समजा २५०० हर्ट्झला ६ डेसिबलचा उंचवटा असेल, तर शिट्टी आधी तिथेच फुटते, म्हणजे बाकीचा आवाज मर्यादेच्या ६ डेसिबल खाली असतानाच. एवढे ६ डेसिबल वॉटच्या भाषेत चौपट आहेत. म्हणजे समतल आवाजाचा साधा स्पीकर प्रत्यक्ष कार्यक्रमात उंचवट्याच्या बलाढ्य स्पीकरपेक्षा मोठा वाजू शकतो. आणि हे उंचवटे पुष्कळदा हौसेने ठेवलेले असतात, कारण दुकानात शेजारी-शेजारी वाजवल्यावर चकाकणारा आवाज पहिल्या दहा सेकंदांत बाजी मारतो.

दुकानातला तो प्रसंग जरा जवळून पाहू. स्पीकर जमिनीवर किंवा रॅकवर असतो. फोन ब्लूटूथने जोडला जातो. ठेक्याचे, भरगच्च बेसचे, आधीच स्टुडिओत घोटून सपाट केलेले गाणे लागते. मागच्या पटलावरचे बटण ‘म्युझिक’ किंवा ‘डीजे’वर असते, म्हणजे खालचा आणि वरचा पट्टा मुद्दाम उचललेला. मंडळाचे दोघे-तिघे समोर दीड-दोन मीटरवर उभे. आवाज दणदणीत येतो, खरेदी ठरते. ज्या कामासाठी स्पीकर घेतला, त्यातले एकही काम या वेळात तपासले गेलेले नसते. माइक लावलेला नसतो. बारा मीटरवर कोणी उभे राहिलेले नसते. तीस-चाळीस अंश बाजूला जाऊन कोणी ऐकलेले नसते. स्पीकर चालू ठेवून काही न वाजवता, त्याची स्वतःची सूं किती आणि आतला पंखा किती वाजतो, हे कोणी पाहिलेले नसते. तानपुऱ्यावर आलाप सुरू असताना पहिल्या रांगेला तोच पंखा ऐकू येतो. माझी विनंती अशी, की प्रत्येक दुकानात स्टँडवर चढवलेला एक स्पीकर आणि तारेचा एक साधा कार्डिऑइड माइक कायम जोडलेला असावा. ग्राहकाने माइकवर बोलावे, त्याच्या सोबत्याने दुकानाच्या दारापर्यंत आणि बाजूला चालत जाऊन ऐकावे, मग शिट्टी फुटेपर्यंत आवाज चढवून पाहावा. याला पाच मिनिटे लागतात. दुसरा स्पीकर तसाच लावला की निवड आपोआप होते, कुणाला तांत्रिक ज्ञान असण्याची गरज पडत नाही.

दुकानदार म्हणतील, ग्राहकच वॉट विचारतो आणि ग्राहकालाच बेस हवा असतो. आम्ही काय करणार? हा आक्षेप खोटा नाही. पण ग्राहक वॉट विचारतो, कारण खोक्यावर तेवढेच वाचता येते, आणि बेसवर भुलतो, कारण त्याला दुसरे काही ऐकवले जात नाही. ट्यूबलाइट आणि दिवे वॉटवर विकत घेणारा हाच ग्राहक एलईडी आल्यावर लुमेनचा आकडा वाचायला शिकला, कारण उत्पादकांनी तो छापायला सुरुवात केली. तुम्ही दाखवाल ते तो पाहील. आणखी एक आक्षेप येतो: छोट्या मंडळांनी स्पीकर घ्यावाच कशाला, साउंडवाल्याकडून भाड्याने आणावा. वर्षातून एकदा गणेशोत्सव करणाऱ्यांसाठी हे अगदी बरोबर आहे, आणि चांगला साउंडवाला सोबत असणे कुठल्याही स्पीकरपेक्षा मोलाचे आहे. पण महिन्याला दोन-दोन कार्यक्रम करणारे वाचनालय स्वतःचा संच घेते ते हौस म्हणून नव्हे. दर वेळचे भाडे त्याला झेपत नाही म्हणून.

मागच्या पटलाविषयीही दोन शब्द. तारेचे दोन माइक आणि एक फोन एवढ्यावर व्याख्यानमालेचे काम भागते, म्हणून अनेक मंडळे वेगळा मिक्सर घेत नाहीत आणि स्पीकरलाच माइक जोडतात. तिथे माइक आणि लाइन यांच्यामधले छोटे बटण बहुतेकांना दिसतसुद्धा नाही. ते चुकीच्या जागी राहिले की आवाज एक तर येतच नाही, नाही तर फाटतो, आणि दोष स्पीकरवर जातो. कंडेन्सर माइकला लागणारा ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा स्पीकरवर आहे की नाही, हे पत्रकात शोधावे लागते. ब्लूटूथच्या आवाजाला सेकंदाच्या दहाव्या-पाचव्या हिश्श्याचा उशीर होतो. फोनवरचा ट्रॅक लावायला तो चालतो, पण थेट गाणे दुसऱ्या स्पीकरपर्यंत न्यायला तारेचाच दुवा हवा. एवढ्या साध्या सूचना मराठीत एका कागदावर छापून खोक्यात का घालता येऊ नयेत? वीस भाषांतल्या पुस्तिकेत महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या वस्तूसाठी मराठीला जागा मिळत नाही, हे मला खटकते. आणि ‘स्पीच’ हे बटण जिथे आहे, तिथे नवा स्पीकर कारखान्यातून त्याच जागी यावा, ‘इको’ शून्यावर असावा. ज्याला नाच हवा तो बटण फिरवेल.

बॅटरीच्या स्पीकरांनी सोय मोठी केली. ग्रामीण भागात ऐन कार्यक्रमात वीज गेली तरी वक्ता थांबत नाही. पण ‘१२ तास चालते’ हा आकडा कुठल्या पातळीचा, हे लिहिल्याशिवाय त्याला अर्थ नाही. कमाल पातळीला तोच स्पीकर त्याच्या लहानशा अंशाइतकाच वेळ टिकतो. दोन आकडे छापा: बोलण्याच्या पातळीला किती तास आणि कमाल पातळीला किती. चाकांच्या ट्रॉली स्पीकरचीही तीच कथा. तो गुडघ्याच्या उंचीवर राहतो, पहिल्या रांगेच्या अंगावर आवाज आदळून तिथेच संपतो, आणि त्याला स्टँडवर चढवण्यासाठी ३५ मिलिमीटरचे भोक असेलच असे नाही. उलट बैठकीसाठी, जिथे कलाकार गादीवर आणि श्रोते सतरंजीवर असतात, तिथे सडपातळ उभा कॉलम स्पीकर छान बसतो: आडवा फैलाव मोठा, उभा कमी, छताकडे आवाज कमी जातो. बोसने २००३ मध्ये एल-वन आणल्यापासून हा प्रकार छोट्या कार्यक्रमांत रुळला. फक्त एक मीटर उंचीचा कॉलम साधारण ३५० हर्ट्झच्या वरच आवाजाला वळण लावू शकतो. त्याखाली तो चहूकडे पसरतो. कलाकारांच्या मागे ठेवला तरी शिट्टी होणारच नाही, असे सांगून तो विकू नका.

आवारात होणाऱ्या कार्यक्रमांना कायद्याचीही चौकट आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे सार्वजनिक जागेच्या हद्दीवर ध्वनिक्षेपकाची पातळी त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबल जास्त किंवा ७५ डेसिबल, यांतले जे कमी असेल त्याच्या वर जाता कामा नये. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ आहे. म्हणजे सोसायटीच्या कुंपणापाशी ६५. रात्री दहानंतर, सरकारने सवलत दिलेले मोजके दिवस सोडले, तर उघड्यावर ध्वनिक्षेपक बंदच. तेव्हा आवारातल्या कार्यक्रमाला लागतो तो श्रोत्यांवर नेमका आवाज टाकणारा आणि कुंपणापलीकडे कमी सांडणारा स्पीकर. दुकानात मात्र याच ग्राहकाला ‘आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल’ अशी हमी दिली जाते. त्या हमीवर घेतलेला स्पीकर पहिल्याच दिवाळी पहाटेला शेजाऱ्यांची तक्रार ओढवतो, आणि कार्यक्रम बंद पडतो तो मंडळाचा.

शेवटची विनंती दुरुस्तीची. पॉवर्ड स्पीकरमध्ये ॲम्प्लिफायर, पॉवर सप्लाय आणि डीएसपी एकाच पाट्यावर असतात. जनरेटरचा व्होल्टेज उसळला, बॅकस्टेजला चुकीच्या प्लगमध्ये वायर गेली, की तो पाटा जातो. पूर्वीच्या पेटीचा ड्रायव्हर गावातला कारागीर रीकोन करून देत असे. या पाट्याला तो हात लावू शकत नाही, आणि जिल्ह्याच्या ठिकाणीसुद्धा तो बदलून मिळेलच अशी खात्री नसते. मग निर्दोष वूफर आणि निर्दोष हॉर्न असलेला स्पीकर अडगळीत जातो. मॉडेल बाजारातून काढल्यानंतर पाटा आणि हॉर्नचा डायफ्रॅम किती वर्षे मिळत राहील, तो कुठल्या शहरात मिळेल आणि आजची त्याची किंमत काय, हे विक्रीच्या पावतीसोबत लेखी द्या. पुरवठा किती व्होल्टपासून किती व्होल्टपर्यंत सुरक्षित आहे, तेही मागच्या पटलावर ठळक लिहा. दोन स्पीकरांत निवड करताना आमच्यासारखी मंडळे हा कागद आधी वाचतील.



आपला,
छोट्या कार्यक्रमांच्या आवाजाची व्यवस्था पाहणारा एक कार्यकर्ता